कॅल्शियम चॅनल, चौथा घात आणि अम्लोडिपिन: बेरीज १०० च्या पुढे का जाते?

कळवा_पीजी (ठाणे)

नमस्कार. शरीरक्रियाशास्त्राच्या पीजी सेमिनारसाठी 'चेतापेशीतले कॅल्शियम चॅनल आणि न्यूरोट्रान्समीटरचं रिलीज' हा विषय आहे. अॅक्शन पोटेन्शियल (चेतापेशीचा विद्युत संदेश) टर्मिनलपर्यंत, म्हणजे तिच्या टोकापर्यंत येतं, कॅल्शियम आत शिरतं, व्हेसिकल (न्यूरोट्रान्समीटरची पिशवी) पटलाला जुळून रिकामी होते, इथपर्यंत ठीक. त्यापुढे तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं: रक्तदाबाचं औषध अम्लोडिपिन म्हणजे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, आणि अर्धं ठाणे ते सकाळच्या चहासोबत घेतं. मग या लोकांचे सिनॅप्स (चेतापेशींचे जोड) बंद का पडत नाहीत? व्हायव्हाला हे हमखास विचारतात.

दुसरं: उंदराच्या मेंदूच्या स्लाइसचा सरावाचा डेटा मिळालाय. एन प्रकारचे कॅल्शियम चॅनल अडवल्यावर ईपीएससी (सिनॅप्सच्या पलीकडच्या पेशीत मोजलेला प्रवाह) ८५ टक्के कमी होतो. दुसऱ्या स्लाइसवर फक्त पी/क्यू प्रकारचे अडवले तर ९६ टक्के कमी. बेरीज १८१! डेटा गंडलाय की असं होऊ शकतं?

तिसरं: विभागात एसीएसएफ (स्लाइस ज्यात ठेवतो तो कृत्रिम मेंदूद्रव) आम्हीच बनवतो, कॅल्शियम २ मिलिमोलर. पावसाळा लागल्यापासून प्रतिसाद निम्म्याहून खाली आलेत. इलेक्ट्रोड, तापमान, उद्दीपन सगळं तेच. तपासायला सुरुवात कुठून करावी?

वाशी_फार्मा

पहिलं सोपं आहे. अम्लोडिपिन मेंदूत पुरेसं पोचत नाही, रक्त-मेंदू अडथळा आड येतो. बाकीचं प्रयोगवाले सांगतील.

नेरूळ_आयनचॅनल

रक्त-मेंदू अडथळ्याचं उत्तर व्हायव्हाला देऊ नका, पुढच्याच प्रश्नाला पंचाईत होईल. हातापायांच्या स्नायूंवरच्या चेता-स्नायू संधी त्या अडथळ्याच्या बाहेर आहेत. अम्लोडिपिन तिथे रक्तातून सरळ पोचतं, तरी कोणाचा हात लुळा पडत नाही. उलट त्याच गटातलं निमोडिपिन मेंदूत चांगलं शिरतं. सबअॅरॅक्नॉइड रक्तस्रावानंतर ते दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम, असं २१ दिवस देतात. त्या रुग्णांचेही सिनॅप्स चालूच असतात.

खरं कारण चॅनलच्या जातीत आहे. व्होल्टेजवर उघडणाऱ्या कॅल्शियम चॅनलची तीन घराणी: कॅव्ह १ म्हणजे एल प्रकार, कॅव्ह २ मध्ये पी/क्यू (२.१), एन (२.२) आणि आर (२.३), आणि कॅव्ह ३ म्हणजे टी प्रकार. अम्लोडिपिन, निफेडिपिन, निमोडिपिन ही डायहायड्रोपिरिडिन औषधं कॅव्ह १ वर बसतात. रक्तवाहिन्यांच्या गुळगुळीत स्नायूत कॅव्ह १.२ असतो आणि त्या पेशींचं विश्रांतीचं व्होल्टेज चेतापेशीपेक्षा वर, उणे ४० ते उणे ५० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. तिथे बरेच चॅनल निष्क्रिय अवस्थेत असतात आणि हे औषध नेमकं त्याच अवस्थेला जास्त घट्ट धरतं. जलद सिनॅप्सच्या टर्मिनलवर मात्र कॅव्ह २ चं राज्य आहे. माणसाच्या चेता-स्नायू संधीत जवळपास सगळं काम पी/क्यूचं, मेंदूतल्या बऱ्याच सिनॅप्समध्ये पी/क्यू आणि एन मिळून. चेतापेशीत एल प्रकारही आहे, पण प्रामुख्याने पेशीकायेवर आणि डेंड्राइटवर. तिथून केंद्रकापर्यंत संदेश जाऊन जनुकं चालू होतात, व्हेसिकलशी त्याचा संबंध नाही.

जाता जाता: परीक्षक लगेच विचारतील की सांगाड्याच्या स्नायूतही एल प्रकार आहे, मग तो का थांबत नाही? तिथला कॅव्ह १.१ कॅल्शियम आत सोडण्यापेक्षा व्होल्टेज ओळखण्याचं काम करतो. तो रायनोडिन रिसेप्टरला (आतल्या कॅल्शियम साठ्याच्या दाराला) यांत्रिकपणे खेचतो आणि आकुंचनाचं कॅल्शियम आतल्या साठ्यातून येतं.

आता क्रम जरा नीट मांडा, कारण 'अॅक्शन पोटेन्शियल येतं, कॅल्शियम शिरतं' यात सगळ्यात मजेदार भाग सुटतो. बाहेर कॅल्शियम १ ते २ मिलिमोलर, आत विश्रांतीत १०० नॅनोमोलरच्या आसपास. २ मिलिमोलर धरलं तर फरक २०,००० पट, आणि ३७ अंशांवर नर्न्स्ट व्होल्टेज (ज्यावर कॅल्शियम आत ढकलणारा जोर शून्य होतो) अधिक १३० मिलिव्होल्टच्या जवळ. कॅल्शियम चॅनल सोडियमच्या मानाने सावकाश उघडतात. म्हणून अॅक्शन पोटेन्शियल शिखरावर असताना चॅनल उघडत असतात, पण आत ढकलणारा जोर कमी असतो. व्होल्टेज उतरू लागतं तेव्हा जोर वाढतो आणि चॅनल अजून मिटलेले नसतात. बहुतेक कॅल्शियम या उताराच्या वेळी शिरतं. कॅट्झ आणि मिलेदी यांनी १९६७ मध्ये स्क्विडच्या महाकाय सिनॅप्सवर दाखवलं की टर्मिनलला फारच जोरदार डीपोलराइझ केलं, म्हणजे आतलं व्होल्टेज खूप वर नेलं, तर उद्दीपन चालू असेतो रिलीज होतच नाही, ते थांबताक्षणी होतं. व्होल्टेज नर्न्स्टच्या पातळीला नेलं की चॅनल सताड उघडे असूनही जोर शून्य. 'व्होल्टेजने थेट रिलीज होतं का?' याला याहून चांगलं उत्तर नाही.

वेळेचा हिशेबही द्या. स्क्विडमध्ये कॅल्शियम आत आल्यापासून पलीकडचा प्रतिसाद सुरू होईपर्यंत साधारण २०० मायक्रोसेकंद लागतात. सिनॅप्सच्या विलंबाचा मोठा वाटा चॅनल उघडण्यातच जातो, पटलं जुळण्यात नव्हे. एवढं झटपट जमतं कारण व्हेसिकल आधीच तयार उभी असते: सिनॅप्टोब्रेव्हिन, सिंटॅक्सिन-१ आणि स्नॅप-२५ ही पटलं जुळवणारी स्नेअर प्रथिनं अर्धवट गुंफलेली असतात आणि सिनॅप्टोटॅग्मिन-१ कॅल्शियमची वाट पाहत असतं. त्याच्या सी-२-ए भागावर ३ आणि सी-२-बी भागावर २ आयन बसतात. चॅनल आणि व्हेसिकल शेजारी ठेवण्याचं काम रिम आणि रिमला जोडणारी प्रथिनं करतात. कॅट्झना १९७० चं नोबेल आणि झ्युडहोफ, रॉथमन, शेकमन यांना २०१३ चं, एवढा इतिहास एका स्लाइडला पुरे.

खारघर_पॅचक्लॅम्प

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मूळ एकच आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

डॉज आणि राहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर दाखवलं की कमी कॅल्शियमच्या टप्प्यात रिलीज हे बाहेरच्या कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे कॅल्शियम निम्मं केलं तर रिलीज निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतं. हे एकदा अंगवळणी पडलं की तुमचा डेटा वाचता येतो.

उलट दिशेने गणित करा. एन अडवल्यावर ईपीएससी १५ टक्के उरला. ०.१५ चं चौथं मूळ ०.६२. म्हणजे कॅल्शियम ६२ टक्के उरलं, एनचा वाटा ३८ टक्के. पी/क्यू अडवल्यावर ४ टक्के उरला, ०.०४ चं चौथं मूळ ०.४५, पी/क्यूचा वाटा ५५ टक्के. बेरीज ९३. राहिलेले ७ टक्के आर प्रकाराचे मानता येतील. तेव्हा ईपीएससीच्या घटीची बेरीज १८१ येण्यात गैर काही नाही, उलट यावरून कळतं की दोन्ही जातींचे चॅनल त्याच व्हेसिकलला मिळून कॅल्शियम पुरवतात. टर्मिनल वेगवेगळे असते, काही फक्त एनवर आणि काही फक्त पी/क्यूवर चालणारे, तर बेरीज १०० च्या आसपासच आली असती. एन आणि पी/क्यू अडवणारी दोन्ही विषं एकत्र दिल्यावर ०.०७ चा चौथा घात, म्हणजे शून्यच दिसेल. त्यावरून 'आर प्रकार नाही' असं लिहू नका.

हे करताना एक मोठी अट विसरतात. घात ४ आहे हे तुमच्याच सिनॅप्सवर, तुमच्याच तापमानाला मोजून घ्या. कॅल्शियमचे चार-पाच टप्पे घ्या, ०.५ ते २ मिलिमोलर पुरे. दोन्ही अक्ष लॉगवर ठेवून उतार काढा आणि उतार फक्त खालच्या भागातून घ्या. वर रिसेप्टर भरतात, तयार व्हेसिकल संपतात आणि रेषा आडवी होते. वरचे बिंदू धरले तर उतार २ च्या आसपास दिसतो आणि लोक उगाच नवा सिद्धांत मांडतात. ग्लुटामेट सिनॅप्स असेल तर बाथमध्ये (स्लाइसभोवतीच्या द्रावणात) रिसेप्टर अंशतः अडवणारं कायन्युरेनेट १ मिलिमोलर ठेवलं की रिसेप्टर भरण्याची अडचण बरीच कमी होते.

कॅल्शियम कमी करताना मॅग्नेशियम वाढवायचं की नाही हा वाद जुना आहे. दोन धन-प्रभारांचे आयन एकूण कमी झाले की पटलाच्या पृष्ठभागावरचा ऋण प्रभार उघडा पडतो आणि पेशी जास्त उत्तेजनक्षम होतात, म्हणून ०.५ कॅल्शियमला मॅग्नेशियम १ वरून २.५ करतात. पण मॅग्नेशियम स्वतःच चॅनलपाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं आणि उतार खरा असतो त्याहून तीव्र दिसतो. माझं मत: एकूण बेरीज कायम ठेवा आणि आलेखाखाली तसं स्पष्ट लिहा.

विषांबद्दल. एनसाठी ओमेगा-कोनोटॉक्सिन जीव्हीआयए, १ मायक्रोमोलर. ते धुऊन निघत नाही, त्यामुळे त्याच स्लाइसवर 'वॉशआउट' दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. पी/क्यूसाठी ओमेगा-अगाटॉक्सिन आयव्हीए. पी प्रकार काही नॅनोमोलरलाच अडतो, क्यूला १०० च्या पुढे लागतं, म्हणून दोन्ही हवे असतील तर २०० नॅनोमोलर. जोरदार डीपोलरायझेशनची माळ दिली तर हे विष सुटतं, तेव्हा मध्येच उच्च वारंवारतेचं उद्दीपन देऊ नका. दोन्ही पेप्टाइड नळीच्या आणि बाटलीच्या प्लास्टिकला चिकटतात, द्रावणात ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून नळी आधी त्यानेच धुवा. नाहीतर अर्धं विष नळीला लागतं आणि 'विष काम करत नाही' असा निष्कर्ष निघतो. शेवटी सगळे चॅनल बंद करायला कॅडमियम १०० मायक्रोमोलर, पण फॉस्फेट आणि बायकार्बोनेट असलेल्या द्रावणात ते गढूळ होऊन खाली बसतं. त्यासाठी हेपीस बफरचं, फॉस्फेट नसलेलं द्रावण वेगळं करा. वापरलेलं कॅडमियम सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या डब्यात जमा करा.

आता तिसरा प्रश्न. आधी कॅल्शियम क्लोराइडची बाटली पाहा. ठाण्याच्या जुलैच्या दमटपणात हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, निर्जल असेल तर काही दिवसांत ओलसर गोळे होतात. तुम्ही तोलता तेव्हा त्यात पाण्याचं वजन असतं, कॅल्शियम तेवढं कमी. २० टक्के कमी भरलं तर ०.८ चा चौथा घात ०.४१, म्हणजे रिलीज ५९ टक्के घटलं! तुमच्या लक्षणाशी हे जुळतं. दुसरी शक्यता लेबलची. निर्जल मिठाचा रेणुभार ११०.९८, दोन पाण्याच्या मिठाचा १४७.०१. नवी बाटली दोन पाण्याची आली आणि वहीत जुना रेणुभार राहिला तर कॅल्शियम ७५ टक्क्यांवर येतं आणि रिलीज तिसऱ्या हिश्शावर. दोन पाण्याचं मीठ असेल तर २ मिलिमोलरसाठी लिटरला ०.२९४ ग्रॅम लागतात.

खात्री करायला महागडं यंत्र लागत नाही, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं ईडीटीए टायट्रेशन पुरतं. तुमचा १ मोलर स्टॉक १०० पट पातळ करा, म्हणजे १० मिलिमोलर अपेक्षित. त्यातले १० मिलिलिटर घ्या, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर न्या, पॅटन-रीडर सूचक घाला आणि ०.०१ मोलर ईडीटीएने लालसर जांभळ्याचा स्वच्छ निळा होईपर्यंत टायट्रेट करा. बरोबर १० मिलिलिटर लागले तर स्टॉक ठीक. ८ लागले तर तो ०.८ मोलर आहे.

मीठ रोज तोलायची सवय सोडा. सीलबंद नवी बाटली फोडली की त्याच दिवशी १ मोलर स्टॉक करा, टायट्रेट करा, घट्ट बाटल्यांत ठेवा आणि लिटरमागे २ मिलिलिटर टाका. टाकण्याचा क्रमही सांभाळा: सोडियम क्लोराइड १२५, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम बायकार्बोनेट २५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५ आणि ग्लुकोज २५ मिलिमोलर आधी विरघळवा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे १५-२० मिनिटं सोडा, मग मॅग्नेशियम १ मिलिमोलर आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम. आधी टाकलं तर पीएच चढलेला असतो आणि कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फेट होऊन तळाला बसतं. सिलिंडर बदलताना चुकून नुसता ऑक्सिजन लागला तरी हेच होतं. बाटली उजेडात धरून पाहा, किंचित दुधाळ दिसली तर ओतून द्या.

कळवा_पीजी (ठाणे)

चौथं मूळ काढून बघायचं सुचलंच नव्हतं. बाटली उद्या तपासतो.

दोन उपप्रश्न. इमेजिंगमध्ये एका अॅक्शन पोटेन्शियलनंतर टर्मिनलमधलं कॅल्शियम १ मायक्रोमोलरच्या आतच वाढलेलं दिसतं. सिनॅप्टोटॅग्मिनला मात्र १० मायक्रोमोलर आणि पुढे लागतं म्हणतात. मग जमतं कसं? आणि ईजीटीए व बाप्टा या कॅल्शियम धरणाऱ्या दोन बफरची कॅल्शियमशी ओढ जवळपास सारखी असताना काही सिनॅप्सवर बाप्टा रिलीज बंद करतं, ईजीटीए करत नाही, हे काय?

नेरूळ_आयनचॅनल

दोन्हींचं उत्तर अंतरात आहे. इमेजिंग सरासरी दाखवतं. गाडी लागते त्या क्षणी ठाणे स्टेशनच्या फलाटावर चौरस मीटरमागे किती माणसं, या सरासरीवरून दाराशी काय चाललंय ते कळत नाही; व्हेसिकल दाराशीच उभी आहे. उघड्या चॅनलच्या तोंडापासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत कॅल्शियम काही दशक मायक्रोमोलरला जातं, आणि चॅनल मिटला की मिलिसेकंदाच्या आत तो डोंगर सपाट होतो. आयन किती? समजा एका चॅनलमधून ०.२ पिकोअँपिअर प्रवाह ०.३ मिलिसेकंद वाहिला. भागाकार करा, सुमारे १९० आयन येतात. एवढ्या थोड्या आयनांवर व्हेसिकल सुटायची तर ती जवळ असायलाच हवी.

कॅलिक्स ऑफ हेल्ड या मोठ्या टर्मिनलवर २००० साली पिंजऱ्यात बांधलेलं कॅल्शियम प्रकाशाने मोकळं करून हेच उलट बाजूने तपासलं. सगळीकडे सारखं कॅल्शियम वाढवलं तर १० मायक्रोमोलरच्या आसपासच जलद रिलीज होतं.

ईजीटीए आणि बाप्टात फरक ओढीचा नाही, वेगाचा आहे. बाप्टा कॅल्शियमला सेकंदाला दर मोलर ४ × १० चा ८ वा घात या वेगाने पकडतं, ईजीटीए १० च्या ७ व्या घाताच्या आसपास. बफरने पकडण्याआधी कॅल्शियम सरासरी किती लांब जातं, ते असं काढा: विसरण गुणांक भागिले (पकडण्याचा वेग गुणिले बफरची संहती), आणि त्याचं वर्गमूळ. विसरण गुणांक सेकंदाला २२० चौरस मायक्रोमीटर धरा. १० मिलिमोलर ईजीटीएला ४७ नॅनोमीटर येतात, १० मिलिमोलर बाप्टाला ७. म्हणजे व्हेसिकल चॅनलपासून २० नॅनोमीटरवर असेल तर ईजीटीए तिला वाचवू शकत नाही, कारण त्याने हात पुढे करण्याआधी कॅल्शियम पोचलेलं असतं. ईजीटीएनेही रिलीज पडलं तर व्हेसिकल १०० नॅनोमीटरच्या घरात लांब आहे किंवा बऱ्याच चॅनलचं कॅल्शियम एकत्र होऊन तिच्यापर्यंत येतं आहे.

खारघरच्या वरच्या गणिताला इथे एक शेपूट लावतो. चौथ्या घाताचा हिशेब दुसऱ्या प्रकारच्या सिनॅप्सला लागू पडतो, जिथे अनेक चॅनलचं कॅल्शियम मिसळतं. व्हेसिकल एकाच चॅनलच्या छायेत असेल तर बाहेरचं कॅल्शियम कमी केल्यावर उतार ४ दिसेल, पण विषाने चॅनल अडवले तर १ च्या जवळ. एक चॅनल बंद म्हणजे एक व्हेसिकल बंद, बाकीच्यांना तोशीस नाही. दोन्ही उतार मोजून शेजारी ठेवणं ही जोडणी घट्ट की सैल हे ओळखायची चांगली रीत आहे. तुमच्या डेटात बेरीज १०० च्या एवढी पुढे गेली, तेव्हा तो सिनॅप्स सैल जोडणीकडचा. तिथे ईजीटीए देऊन पाहा, परिणाम दिसायला हवा.

पिपेटमध्ये बफर घालताना दोन चुका नेहमी होतात. ईजीटीए कॅल्शियम धरताना दर आयनामागे दोन प्रोटॉन सोडतं, त्यामुळे पीएच उतरतो. हेपीस कमी असेल तर निरीक्षण पीएचचं होतं, कॅल्शियमचं नाही. आणि बाप्टा चार पोटॅशियमच्या मिठात येतं. १० मिलिमोलर बाप्टा म्हणजे ४० मिलिमोलर पोटॅशियम, तेवढं पोटॅशियम ग्लुकोनेट कमी करा, नाहीतर ऑस्मोलॅरिटी भलतीकडे जाते. पेशीत एएम रूपात (जे पटलातून आपोआप आत शिरतं) भरलं तर आत नेमकं किती साचलं ते सांगता येत नाही, तेव्हा त्यावरून वरचं अंतराचं गणित करू नका.

पाचपाखाडी_ईएमजी

सेमिनारला क्लिनिकल स्लाइड लागेलच, म्हणून भर घालतो.

लॅम्बर्ट-ईटन (स्नायू अशक्त करणारा आजार): पी/क्यू चॅनलविरुद्ध प्रतिपिंडं. निम्म्याहून अधिक रुग्णांत मागे फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग असतो, म्हणून छातीचा सीटी लागतोच. चॅनल कमी झाल्याने एका उद्दीपनाला सुटणाऱ्या व्हेसिकल कमी, विश्रांतीतला सीएमएपी (स्नायूचा एकत्रित विद्युत प्रतिसाद) ठेंगणा. २-३ हर्ट्झला तो आणखी उतरतो, कारण तयार व्हेसिकल खर्च होतात आणि दोन उद्दीपनांमध्ये आतलं उरलेलं कॅल्शियम बाहेर फेकलं गेलेलं असतं. २० हर्ट्झच्या वर उरलेल्यावर नवं कॅल्शियम साचतं, चौथा घात इथेही काम करतो आणि सीएमएपी दुप्पट किंवा जास्त होतो. मायस्थेनियातही (जिथे बिघाड संधीच्या स्नायूकडच्या बाजूला असतो) २-३ हर्ट्झला उतार दिसतो, पण सुरुवातीचा सीएमएपी सहसा ठीक असतो आणि अशी वाढ दिसत नाही.

२० ते ५० हर्ट्झ रुग्णाला फार दुखतं. त्याऐवजी स्नायू १० सेकंद पूर्ण जोराने आवळायला सांगा आणि सोडल्या सोडल्या एकच उद्दीपन द्या. ३०-६० सेकंद आवळायला लावलं तर दमणुकीत वाढ हरवते, आणि सोडल्यावर मशीनशी खटपट करत बसलात तरी हरवते. एसीच्या खोलीत गार पडलेला हात ही दुसरी खोड. त्वचा ३२ अंशांच्या वर गरम करा. पायरिडोस्टिग्मिन चालू असेल आणि सुरक्षित असेल तर १२ तास आधी थांबवतात. उपचारात अॅमिफॅम्प्रिडिन कॅल्शियम चॅनलला हात लावत नाही, पोटॅशियम चॅनल अडवून अॅक्शन पोटेन्शियल लांबवतं, म्हणून उरलेले चॅनल जास्त वेळ उघडे राहतात.

मॅग्नेशियम सल्फेट रोजच्या वापरातलं उदाहरण. एक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणातल्या झटक्यांच्या) प्रिचर्ड पद्धतीत ४ ग्रॅम शिरेतून आणि १० ग्रॅम स्नायूत, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा प्रतिक्षेप, श्वासाची गती आणि लघवीचं प्रमाण पाहतात. रक्तातली पातळी लिटरला ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट हवी. १० च्या आसपास प्रतिक्षेप जातो, १२ च्या पुढे श्वास धोक्यात. मॅग्नेशियम टर्मिनलवर कॅल्शियमची वाट अडवतं, म्हणून उताराही कॅल्शियमच: १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, सावकाश. अशा रुग्णाला जेंटामायसिनसारखं अमायनोग्लायकोसाइड जोडताना जपावं लागतं, तेही प्रीसिनॅप्टिक कॅल्शियम कमी करतं.

प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन अल्फा-२-डेल्टा या सोबतच्या उपघटकावर बसतात. ते चॅनलचं भोक बुजवत नाहीत. झिकोनोटाइड हे वेदनाशामक खरोखरच एन चॅनल अडवतं. ते शंखगोगलगायीच्या विषावरून बनवलेलं, अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं, आणि फक्त मज्जारज्जूच्या द्रवात देतात; शिरेतून दिलं तर सिंपथेटिक टर्मिनलचे एन चॅनलही अडून रक्तदाब कोसळेल. बोटुलिनम विष वेगळं ठेवा. त्यात कॅल्शियम नीट शिरतं, पण ए प्रकार स्नॅप-२५ तोडतो आणि बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन, त्यामुळे शिरलेल्या कॅल्शियमला काम उरत नाही.

कळवा_पीजी (ठाणे)

टायट्रेशन केलं, तीन वेळा. ८.१ मिलिलिटर. बाटली निर्जल मिठाची होती आणि आत गोळे झालेले. म्हणजे बाथमध्ये २ च्या जागी १.६२ मिलिमोलर. ०.८१ चा चौथा घात ०.४३, आणि आमचे प्रतिसाद त्याच घरात आहेत. हाच स्टॉक लिटरला २.४७ मिलिलिटर टाकून वापरू का?

खारघर_पॅचक्लॅम्प

द्रावण स्वच्छ असेल तर आजच्यापुरतं चालेल, बाटलीवर ०.८१ लिहून ठेवा. पण ती मिठाची बाटली मात्र काढून टाका. पुढच्या वेळी कोणी त्यातूनच तोलेल, तोवर पाणी आणखी शिरलेलं असेल. आणि पावसाळ्यातला जुना डेटा २ मिलिमोलरच्या आलेखात मिसळू नका, १.६२ म्हणून वेगळा बिंदू लावा. २ मिलिमोलरला मात्र रेषा वाकायला लागलेली असते, तेव्हा ०.४३ शी नेमकं जुळलं नाही तर घाबरू नका.

ऐरोली_रेटिना

पहिल्या प्रश्नात 'सिनॅप्सवर एल प्रकार नसतो' असं सरसकट बोलू नका. कानातल्या आतल्या केसपेशींमध्ये कॅव्ह १.३ आणि डोळ्याच्या प्रकाशग्राही पेशींमध्ये कॅव्ह १.४ हेच रिलीज चालवतात. या रिबन सिनॅप्सना एकेक अॅक्शन पोटेन्शियल मिळत नाही, व्होल्टेज हळू वरखाली होतं आणि रिलीज सतत चालू असतं, तिथे सावकाश मिटणारे एल चॅनलच सोयीचे. केसपेशीत सिनॅप्टोटॅग्मिनचं काम प्रामुख्याने ओटोफर्लिन करतं. कॅव्ह १.४ च्या जनुकात बिघाड झाला तर जन्मजात रातांधळेपणाचा एक प्रकार होतो. कॅव्ह १.३ पूर्ण निकामी असेल तर बहिरेपणासोबत हृदयाची गतीही मंदावते, कारण हृदयाचा ठोका ठरवणाऱ्या सायनस नोडमध्येही तोच चॅनल आहे. अम्लोडिपिन घेणारे बहिरे का होत नाहीत असं विचारलं तर सांगा: कॅव्ह १.३ ला डायहायड्रोपिरिडिन १.२ पेक्षा बरंच कमी लागू पडतं, आणि रक्तातलं ९३ टक्क्यांहून जास्त अम्लोडिपिन प्रथिनांना चिकटलेलं असतं.